सतरावा पोर्ट

हिउमा बेटावर नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
केर्डलाच्या वृद्धाश्रमाखाली, तळघरात,
बटाट्यांच्या पोत्यांशेजारी एका कपाटात
चोवीस पोर्टांचा स्विच घोंगावत असतो.
वाटायला त्याच्याजवळ तीनशे सत्तर वॉट.
वर एक कणही नाही.

तैमो म्हणतो, हा वाढपी सावध आहे.
तार खोचली म्हणून लगेच वाढत नाही.
आधी इवलासा दाब पाठवून चाचपतो:
कोण? भुकेला आहेस? किती?
पलीकडून ओळखीचा रोध आला
तरच हात सैल सोडतो.
प्रिंटर जोडला तर नुसत्या गप्पा;
तो आपला भिंतीतून जेवून आलेला.

गेल्या गुरुवारी वाऱ्यानं पाइन तारांवर आडवा पाडला.
जनरेटरनं बारा मिनिटं ढिम्म ऐकलं नाही.
बॅटरी धापा टाकू लागली
आणि स्विचनं कोणाला न विचारता
शेवटच्या नंबरापासून पानं उचलायला घेतली.
पहिल्या पोर्टावर पार्किंगचा कॅमेरा, तो भरल्या पोटी.
बाविसाव्यावर नऊ नंबरच्या खोलीची घंटा,
ती मुकी.
झालं काहीच नाही. तरी मेरिकेबाईंनी सकाळी
तैमोच्या टेबलावर कोरा कागद ठेवला:
पहिल्या पंगतीला कोण, आणि खरवड कोणाला,
लिहून दे.

घंटा, सगळ्या, वर.
औषधांच्या खोलीचं कुलूप वर.
वाय-फाय, तिन्ही मजले, मधे,
कारण नर्सच्या हातातली पाटी त्यावरच चालते,
पण नातवंडांचे व्हिडिओही त्यावरच.
जेवणघरातलं घड्याळ खाली.
भूक घड्याळ बघत नाही.

सतरावर अडला.
दुसऱ्या मजल्यावरचा, जिन्याजवळचा फोन.
दोन वर्षांत एकही कॉल नाही, आलेला ना गेलेला.
दिवसभर दोन वॉटवर पडून.
मात्र रोज रात्री नऊला
आलेखावर एक छोटं टेंगूळ,
अकरा मिनिटं. मग पुन्हा सपाट.
त्यानं "खाली" असं टाइप केलं.
एंटर दाबलं नाही.

नऊला तो जिन्यात उभा.
लाइने पिहेल, वय एक्क्याण्णव, लोकरी जाकीट उलटं घातलेलं,
रिसीव्हर कानाशी. नंबर फिरवत नव्हती.
सूर कर्कश झाला की बोटानं कडी दाबायची,
सूर नवा व्हायचा,
मान तिरकी करून पुन्हा ऐकायची.

"कोणाला लावताय?"
"कोणाला नाही. लाइन बघतेय."
तिनं बोट ओठांवर ठेवलं. तो गप्प.
"एकतीस वर्षं एक्स्चेंजला होते, रात्रपाळीला.
लाइन बघितल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही,
असा नियम होता."
मग रिसीव्हर न ठेवताच:
"गुरुवारी गेली होती. बारा मिनिटं.
पाळीवर तू होतास?"

त्याला जनरेटर आठवला, पाइन आठवला,
बॅटरीचं वय, गेल्या वर्षी नाकारलेली मागणी.
"मी होतो," तो म्हणाला.

तिनं मान हलवली,
आपल्यानंतरच्याला हलवतात तशी,
आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

तळघरात बेरीज पुन्हा मांडली.
बेरजेला लाज नसते: एक वर घे, एक खाली ढकल.
पार्किंगचा कॅमेरा तळाला गेला.
तिथं बर्फावर तशीही
एका कोल्ह्याची ये-जा असते, आणि पाववाल्याच्या गाडीची.

पोर्टाला नाव द्यायला बत्तीस अक्षरांची जागा मिळते.
"जिना, दुसरा मजला" खोडून
त्यानं लिहिलं: रात्रपाळी, पिहेल.
सेव्ह केलं. दिवा घालवला.
अर्ध्या पायऱ्या चढून परत आला,
सेव्ह झालंय ना
ते बघायला.